दुकानदार कुणाच्या पक्षाचा?

पाम, कुंभवली, कोलवडे, सालवड ही तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारची गावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा 93.69 गुण मिळवून तारापूर पहिले आले. असा पहिला नंबर कुणालाही नको असतो. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोलवडे इथल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, त्यात आठ जीव गेले. ऑगस्ट 2025 मध्ये वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची प्रदूषणाविरुद्धची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली, तो लढाही जुना आहे.

अशा गावातली चार तंत्रकुशल मुले आभासी वास्तवाची, म्हणजे व्हीआरची, दोन अ‍ॅप्स बनवतात अशी कल्पना करू. पहिल्यात कामगार चष्मा डोळ्यांवर चढवतो आणि खोट्या कारखान्यात खरी तालीम करतो: वायू सुटला, दिवे गेले, दार कुठे, वारा कुठल्या दिशेला, तोंडावर काय धरायचे. दुसऱ्यात तोच चष्मा घालून माणूस त्याच कारखान्याच्या भिंतीपलीकडे, पाममधल्या एखाद्या विहिरीच्या काठावर उभा राहतो आणि तिथली माणसे त्याच्याशी बोलतात. तंत्र एकच, परिसर एकच. पहिले अ‍ॅप दुकानात सहज लागेल. दुसऱ्याचे काय होईल?

हा प्रश्न हवेतला नाही. 2011 च्या सप्टेंबरात ‘फोन स्टोरी’ नावाचा छोटा खेळ अ‍ॅपलच्या दुकानात आला. फोनसाठी लागणारे खनिज कुठल्या खाणीतून येते, फोन जोडणारे कामगार कोणत्या अवस्थेत राबतात, हे त्याचे कथानक. जाहीर झाला त्याच दिवशी तो काढला गेला. कारण म्हणून आक्षेपार्ह मजकूर, मुलांच्या छळाचे चित्रण वगैरे कलमे दाखवली गेली. गुगलच्या दुकानात तोच खेळ राहिला. त्याआधी डिसेंबर 2009 मध्ये मार्क फिओरे या अमेरिकी व्यंगचित्रकाराचे अ‍ॅप ‘सार्वजनिक व्यक्तींची टिंगल’ म्हणून नाकारले गेले. एप्रिल 2010 मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला, बोंबाबोंब झाली आणि तेच अ‍ॅप चालून गेले. टिंगल तीच होती, टिंगल करणाऱ्याची पत वाढली होती. हे दोन्ही किस्से फोनच्या दुकानातले, पण अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो या चष्म्याची अ‍ॅप्सही आता त्याच दुकानातून येतात.

दुकाने पक्षपाती आहेत, अशी ओरड सगळ्याच बाजूंनी होते. जानेवारी 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनावरील हल्ल्यानंतर गुगल आणि अ‍ॅपलने पार्लर हे उजव्यांचे अ‍ॅप काढले, तेव्हा उजवे संतापले. ऑक्टोबर 2025 मध्ये अ‍ॅपलने स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या सरकारी पथकांची खबर देणारे आइसब्लॉक काढले, तेव्हा डावे. हाँगकाँगमधल्या आंदोलकांना पोलीस कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा 2019 मध्ये गेला, रशियातल्या नवाल्नींचे मतदानाचे अ‍ॅप 2021 मध्ये. व्हीआरच्या क्षेत्रात तर एकाच माणसावरून दोन्ही बाजूंनी हीच ओरड झाली. ऑक्युलस या चष्म्याचा जनक पामर लकी याने ट्रम्पसमर्थक गटाला पैसे दिल्याचे 2016 मध्ये उघड झाले. काही खेळ बनवणाऱ्यांनी लगेच ऑक्युलससाठी काम करणार नाही असे जाहीर केले. मार्च 2017 मध्ये लकीने फेसबुक सोडले. राजकीय मतामुळे घालवले, असे उजव्यांचे म्हणणे. सिनेटर टेड क्रूझ यांनी एप्रिल 2018 च्या सुनावणीत विचारले तेव्हा, राजकीय मत हे त्यामागचे कारण नव्हते, असे झुकरबर्ग यांनी सांगितले. कंपनी उजव्यांची म्हणून डाव्यांचा बहिष्कार, आणि तीच कंपनी डाव्यांची म्हणून उजव्यांची तक्रार!

मानसशास्त्राला याचे नवल वाटणार नाही. 1985 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी बैरूतमधल्या 1982 च्या हत्याकांडाच्या त्याच त्या दूरचित्रवाणी बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांना बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. विषयाची ज्याला जास्त माहिती, त्याला झुकाव जास्त दिसला. म्हणजे ‘मला पक्षपात जाणवतो’ हे वाक्य जाणवणाऱ्याबद्दल बरेच सांगते, दुकानदाराबद्दल फार थोडे. गावातल्या क्रिकेटच्या सामन्यात पंचाबद्दल दोन्ही संघ काय बोलतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला या प्रयोगाचा निकाल आधीच ठाऊक असतो.

पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पक्षपात मोजता येतो, आणि मोजण्याची रीत आपल्याकडे वापरूनही झाली आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात ठेवला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना बोलावणे कमी आले. कुणाच्या मनात काय होते हे विचारायची गरज उरली नाही, आकड्यांनी सांगितले. अ‍ॅपच्या दुकानाची अशी परीक्षा बाहेरून घेणे मात्र अवघड. एकसारखी दोन अ‍ॅप्स पाठवली, तर नक्कल म्हणून तीच नाकारण्याचा नियम अ‍ॅपलकडे आहे. परीक्षा घ्यायची तर दुकानदाराची वहीच उघडावी लागते.

ती थोडीशी उघडली, तेव्हा काय दिसले तेही पाहण्यासारखे आहे. अ‍ॅपलच्या अहवालानुसार 2022 मध्ये सुमारे 61 लाख अर्ज आले, त्यांतले जवळपास 16 लाख 80 हजार नाकारले गेले. सरकारांच्या सांगण्यावरून काढलेली अ‍ॅप्स फक्त 1474. त्यांतली 1435 एकट्या चीनच्या मागणीवरून, भारताच्या मागणीवरून 14. यावरून एक अंदाज बांधता येतो: दुकानदाराचा स्वतःचा पक्ष बहुधा धंदा हाच असतो. ज्या देशात माल विकायचा तिथल्या सरकारला दुखवायचे नाही, आणि वादाचा वास आला की नको म्हणायचे. ही भीती उजवी नसते की डावी नसते. पण तिचा फटका सारखा बसत नाही. सुरक्षेचे प्रशिक्षण वादग्रस्त ठरत नाही, विहिरीचे पाणी ठरते.

फोनपेक्षा व्हीआरमध्ये ही गोष्ट जास्त गंभीर का, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. पडद्यावरची गोष्ट माणूस पाहतो. चष्म्यातल्या गोष्टीत तो असतो. मान वळवली की दृश्य वळते, आणि मेंदू ‘मी इथेच आहे’ असे धरून चालतो. 2006 मध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी मिलग्रामचा प्रसिद्ध विजेच्या धक्क्यांचा प्रयोग आभासी बाईवर करून पाहिला. बाई संगणकाने काढलेली आहे हे सगळ्यांना माहीत होते. तरी तिला ‘धक्के’ देताना, जे तिला पाहू-ऐकू शकत होते त्यांच्या शरीरावर ताण दिसला. काहींनी प्रयोग मध्येच थांबवला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन यांनी याच गुणाचा उपयोग उलट दिशेने केला. भाजलेल्या रुग्णांची जखम धुताना त्यांना ‘स्नोवर्ल्ड’ नावाच्या बर्फाळ दुनियेत नेले आणि वेदना कमी जाणवल्या. डोळ्यांवरची दुनिया दुखणे कमी करू शकते आणि दुसऱ्याचे दुखणे जाणवूनही देऊ शकते. त्यातले कोणते लोकांपर्यंत पोहोचेल, हे सध्या बऱ्याच अंशी एका दाराशी बसलेला परीक्षक ठरवतो.

हे दार किती अरुंद असते? मेटाचे व्हीआर दुकान सुरुवातीला निवडक मालच ठेवी. फेब्रुवारी 2021 मध्ये ‘अ‍ॅप लॅब’ हे मागचे दार निघाले: अ‍ॅप मिळे, पण मुख्य फळीवर दिसत नसे. ऑगस्ट 2024 मध्ये दोन्ही एक झाली. मग आत येणे सोपे झाले आणि दिसणे अवघड, कारण गर्दीत कुणाला पुढे ठेवायचे हे पुन्हा दुकानच ठरवते. नाकारलेल्याला निदान कळते तरी. मागे ढकललेल्याला फक्त कुठेतरी पाणी मुरतेय अशी शंका येत राहते.

महाराष्ट्रातला एक जुना दाखला इथे आठवतो. 1972 साली ‘सखाराम बाइंडर’ला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने अडवले. कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ कितीही जुनाट असो, त्याला पत्ता होता, आदेशाचा कागद होता, आणि वर कोर्ट होते. अलीकडचा दाखला दिग्दर्शक खुशबू रांका यांचा. आम आदमी पक्षावरच्या त्यांच्या आणि विनय शुक्ला यांच्या माहितीपटासाठी सेन्सॉर मंडळाने चक्क मोदी, केजरीवाल आणि शीला दीक्षित यांची ना-हरकत पत्रे मागितली. मागणी हास्यास्पद होती, पण ती लेखी होती. त्यामुळे अपिलीय न्यायाधिकरणात ती मोडता आली आणि 2017 मध्ये चित्रपट लागला. याच रांका यांनी मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबसाठी त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात जाऊ पाहणाऱ्या महिलांवर ‘राइट टू प्रे’ हा व्हीआर माहितीपट केला. उद्या अशी एखादी कलाकृती दुकानाने नाकारली, तर कुठल्या न्यायाधिकरणापुढे जायचे? 2021 मध्ये तर चित्रपटांचे ते अपिलीय न्यायाधिकरणही सरकारने बंद केले. सुधारणा म्हणतात ती याला!

सरकारी बंदीची तऱ्हा त्याहून वेगळी नाही. 29 जून 2020 रोजी 59 चिनी अ‍ॅप्सवर बंदी आली. नावे जाहीर झाली, पण आदेश नाही. 2009 च्या नियमावलीतला सोळावा नियम अशा कारवाईबाबत गोपनीयता पाळायला सांगतो. सीमेवरच्या तणावात गोपनीयतेचे समर्थन करता येईल. पण त्याच नियमाच्या आडून गावच्या पाण्यावरचे अ‍ॅप गेले, तर ते चिनी होते की पामचे, हे कागदावरून कुणालाच कळणार नाही.

दुकानदाराला निःपक्ष व्हा असे सांगण्यात अर्थ नाही. तो म्हणेल, झालो. मागायची ती वही. नाकारलेल्या प्रत्येक अ‍ॅपला कोणते कलम, कोणते दृश्य आणि अपील कुठे, हे त्याच्या भाषेत लेखी मिळावे. सार्वजनिक, आरोग्यविषयक आणि राजकीय विषयांवरच्या नकारांचा वर्षाचा हिशेब वेगळा छापला जावा. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात कारणे देण्याचे बंधन आहेच. भारतात ते नसण्याचे काही वैज्ञानिक कारण नाही. आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने तरी कामगारांच्या प्रशिक्षणाचे असे साहित्य फक्त एका परदेशी दुकानाच्या भरवशावर ठेवू नये. त्याची एक प्रत कारखान्याच्या संगणकावर असावी, म्हणजे दुकानाने उद्या काही काढले तरी रात्रपाळीच्या कामगाराला वायुगळतीत बाहेर पडायची वाट चष्म्यात दिसत राहील. विहिरीचे अ‍ॅप बनवणाऱ्यांना अजून त्या नकाराच्या कागदाची वाट पाहावी लागेल. तो आलाच, तर त्यात दृश्य खोटे आहे असे लिहिलेले असावे. मग पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जाता येईल.