माणसाचं खत आणि आमची पक्की कबर

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. मध्यंतरी नववीतल्या एकाने मोबाईलवर पाहिलेली बातमी सांगितली, "सर, अमेरिकेत माणसाचं खत करतात!" मागच्या बाकावरचा एकजण गोंधळला. उर्दूत खत म्हणजे पत्र. वर्ग हसला, आणि अर्थ कळल्यावर 'तौबा तौबा' सुरू झाली.

बातमी खरी आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१९ साली तसा कायदा केला. मग कोलोराडो, ओरेगॉन, न्यूयॉर्क वगैरे राज्यांनीही केला. पोलादी पेटीत लाकडाचे तुकडे, पेंढा आणि लसूणघास घालून त्यात मृतदेह ठेवतात, हवा खेळती ठेवतात. जिवाणूंमुळे आत उष्णता वाढते आणि काही आठवड्यांत माती तयार होते. उरलेली हाडं यंत्रात बारीक करून त्याच मातीत मिसळतात.

या हाडांपाशी मी थांबतो. मृताचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखंच, अशी आम्हाला शिकवण आहे. त्यामुळे हा मार्ग माझा नाही. पण तौबा म्हणून विषय मिटत नाही.

अमेरिकेत हे का सुचलं? तिथल्या प्रचलित दफनविधीत मृतदेहात फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं भरतात, धातूच्या किंवा भारी लाकडाच्या पेटीत ठेवतात आणि ती पेटी बहुधा काँक्रीटच्या हौदात उतरवतात. माणूस जमिनीत जातो, मातीत जात नाही. दहनाला इंधन लागतं, धूर होतो. म्हणून त्यांनी हा उतारा शोधला.

आमच्याकडे गुसल, न शिवलेलं कफन, वर फळ्या आणि मूठ मूठ माती. रसायन नाही, हौद नाही. ते कायदा करून जे मिळवू पाहतात, ते आमचा कबर खोदणारा कुदळीने करत आला आहे. हे मी वर्गात जरा ऐटीतच सांगितलं. घरी येताना मात्र अब्बांची कबर आठवली.

अब्बा गेले तेव्हा भाईजाननी पक्की कबर बांधायचं ठरवलं. सिमेंट, वर संगमरवर. पक्क्या कबरीला हदीसमध्ये मनाई आहे, हे मला माहीत होतं. शाहजहानच्या मुलीला, जहाँआराला, पैशांची काय कमी? तरी दिल्लीत निजामुद्दीनला तिची कबर वरून उघडी आहे, नुसती माती आणि गवत. सगळं माहीत असून थोरल्या भावापुढे मी गप्प बसलो.

देह मातीत मिसळल्यावर तीच जागा दुसऱ्या मय्यतीसाठी वापरायला शरीयतची मुभा आहे. कच्च्या कबरींचं कबरस्तान पिढ्यान्‌पिढ्या पुरतं ते त्यामुळेच. पक्की कबर ती जागा कायमची अडवते. गेल्या पावसाळ्यात परगावच्या एका मजुराची मय्यत आली. कबर खोदणारा कुदळ खांद्यावर टाकून फरश्यांमधून जागा शोधत फिरत होता. अब्बांच्या कबरीपाशी तो क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. शेवटी कुंपणालगत, नाल्याच्या बाजूला खड्डा घेतला.

येत्या शबे-बरातला आम्ही दोघे भाऊ कबरस्तानात जाऊ. तिथेच भाईजानसमोर विषय काढणार आहे : नावाचा दगड राहू द्या, फरशी काढू. ते चिडतील. अम्मीला मी आधीच विचारलंय. ती एवढंच म्हणाली, "तेव्हा का नाही बोललास?"