फुकटचा डिनर सेट

गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात एका मुलीने माझ्या हातात कूपन ठेवलं. ‘मॅडम, लकी ड्रॉ आहे. नुसतं नाव आणि मोबाइल नंबर लिहा.’ लिहिला. चारच दिवसांत फोन. ‘अभिनंदन! तुम्हाला डिनर सेट लागलाय. रविवारी हॉटेलवर येऊन घेऊन जा. फक्त सर आणि तुम्ही, दोघांनीही यायला हवं.’ जन्मात कधी पाच रुपयांची लॉटरी न लागलेली मी हरखूनच गेले. ‘फुकट काही मिळत नसतं,’ असं हे म्हणाले खरे, पण रविवार मोकळा होता. गेलो.

हॉलमध्ये टेबलंच टेबलं. प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि समोर टाय लावलेला एक मुलगा. मोठ्या आवाजात गाणी. मुलांसाठी कोपऱ्यात चित्रं आणि रंगपेट्या. तो होता एका हॉलिडे क्लबचा सभासद नोंदणीचा कार्यक्रम. पंचवीस वर्षं, दरवर्षी सहा रात्री, हव्या त्या ठिकाणी. मधूनच माइकवर कुणा जोडप्याचं नाव पुकारलं जाई, टाळ्या वाजत. पाऊण तास म्हणता म्हणता अडीच तास झाले. साडेचार लाखांची किंमत तीन लाखांवर आली, पण ‘फक्त आजच्या दिवस’. शेवटी तो मुलगा ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, ‘मॅडम, लग्नाला बावीस वर्षं झाली म्हणता. त्यात स्वयंपाकघरातून सुट्टी किती दिवस मिळाली?’

माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड काढलं. बुकिंगचे पंचवीस हजार. मी सही केली. न वाचता!

बचत गटातल्या बायकांना दर महिन्याला ‘वाचल्याशिवाय सही नाही, समजल्याशिवाय अंगठा नाही’ असं बजावणारी मी!

रात्री कागद वाचले. ‘हवं तिथे, हवं तेव्हा’ हे शब्द त्यात कुठेच नव्हते. ‘उपलब्धतेनुसार’ मात्र पानोपानी होतं. मे महिना आणि दिवाळीसाठी वरचा, म्हणजे महागडा हंगाम घ्यावा लागणार होता. वार्षिक देखभाल शुल्क जा किंवा न जा, भरायचंच. शिवाय ते वाढत जाणार. आणि बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही, हे सगळ्यात बारीक अक्षरांत.

मग घरखर्चाच्या वहीत हिशेब मांडला. समजा तीन लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला अठरा हजार व्याज, आणि मुद्दल शाबूत. देखभाल शुल्क समजा बारा हजार. झाले तीस हजार. म्हणजे सहा रात्रींची खोली रोज पाच हजारांना पडली. प्रवास आणि जेवणखाण वेगळंच. एवढ्या पैशांत आपल्या सोयीने, आपल्याला आवडेल तिथे खोली मिळतेच की! ज्यांना दरवर्षी न चुकता फिरायला जमतं, कित्येक महिने आधी बुकिंग करता येतं, त्यांना हा व्यवहार परवडतही असेल. पण मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, गावाकडची लग्नं सांभाळून सुट्टी काढणाऱ्या घरांचं काय?

‘दोघांनी यायला हवं’ ही अट का, तेही तेव्हा उमगलं. एकटा नवरा आला तर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटतो. बायको आली तर ‘ह्यांना विचारते’ म्हणते. दोघंही समोर असली की पळवाटच उरत नाही. त्यातही बाईच्या मनातली न मागितलेली सुट्टी हे त्यांचं हुकमी पान. नवऱ्याने नाही म्हटलं तर तो कंजूष, तिने नाही म्हटलं तर ती हौस नसलेली. त्या टाय लावलेल्या मुलांवर मात्र मला राग धरवत नाही. टार्गेट पुरं झालं नाही तर त्यांच्याच नोकरीवर गदा. पढवलेलं बोलतात बिचारी.

युरोपीय संघाने अशा व्यवहारांसाठी १९९४ मध्येच नियम केले. २००८ मध्ये ते आणखी कडक केले. तिथे सही केल्यावरही चौदा दिवसांत, कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. पण अगदीच निराधार नाही हं आपण! २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला. एकतर्फी, अन्याय्य करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय त्यात आली. एरवीची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. हॉलिडे क्लबांना पैसे परत करायला लावणारे निकाल आयोगांनी अनेकदा दिलेले आहेत.

आम्ही दुसऱ्याच दिवशी लेखी रद्दपत्र पाठवलं, रजिस्टर्ड पोस्टाने आणि ई-मेलनेही. फोनवर फक्त ‘बघतो, कळवतो’. मग हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चार महिन्यांनी अठरा हजार परत आले. सात हजार गेले ते गेलेच.

हे सगळं गटातल्या बायकांना सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस कुढत होते. लाजच वाटत होती. शेवटी सांगितलं. क्षणभर सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातून एकीने हळूच विचारलं, ‘ताई, मलाबी तसलाच फोन आलाय. रविवारी बोलावलंय, मालकांना घेऊन. कुकर लागलाय म्हणं.’

बरं झालं सांगितलं! मैत्रिणींनो, असा फोन आला तर जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण गेलात तर कार्ड आणि चेकबुक घरी ठेवून जा. कराराची प्रत मागा, ‘घरी वाचून कळवतो’ म्हणा. आजचीच म्हणून सांगितलेली किंमत उद्या मिळत नसेल, तर तो व्यवहार आपला नव्हेच.

आणि सुट्टी हवी असेल तर ती घरच्यांकडेच मागा. मी मागितली. डिसेंबरात दोन दिवस दिवेआगरला जाऊन आलो, साध्याशा घरगुती खोलीत. डिनर सेट अजून खोक्यातच आहे.