गोळीवरची तारीख

वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास परभणीचा पारा कुठवर चढतो हे आम्ही वाचकांना सांगायला नको. अशाच एका दुपारी वस्तीतल्या मावशींकडे बसलो होतो. बीपीच्या गोळ्यांचा डबा त्यांनी पत्र्यालगतच्या फळीवरून काढला. डबा हाताला चटका देत होता. ‘गोळ्या इथं ठेवता?’ आम्ही विचारले. ‘त्याला काय होतंय बाबा, अजून वरीसभर तारीख हाय की!’

तारीख होती, खरे. पण ही तारीख येते कोठून?

कारखान्यात औषधाचे काही नमुने बंद पाकिटातच वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात. एकात उष्णता ३० अंशांच्या आसपास, दुसऱ्यात मुद्दाम ४० अंश आणि ७५ टक्के दमटपणा. पहिल्यातून ३, ६, ९, १२, १८, २४ महिन्यांनी नमुने काढतात. दुसऱ्याची परीक्षा सहा महिन्यांची. गोळीत औषध किती उरले, ती नीट विरघळते का, तिच्यात नको ते काही तयार झाले का, हे प्रयोगशाळा पाहते. त्यावरून मुदत ठरते.

यात वेळेला फार मोल आहे. सहा महिन्यांचे मूल अंगणवाडीत आठव्या महिन्यात तोलले, तर ते वजन आठव्या महिन्याचेच. तसेच सहाव्या महिन्याला काढलेला नमुना टेबलावर पडून राहिला, तर निकाल कोणत्या वयाचा म्हणायचा? म्हणून काढल्यावर किती दिवसांत तपासायचे हे आधीच लिहून ठेवतात. बऱ्याच ठिकाणी ही मुदत तीस दिवसांची असते. औषध बाजारात गेल्यावरही ही तपासणी चालू ठेवावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारलेल्या ‘शेड्यूल एम’ या सरकारी नियमांतही हे आहे. त्या घाणीतला माल तोवर आपल्या मावशींच्या डब्यात आलेला असतो. तपासणी दोन महिने रखडली आणि नमुना नापास निघाला, तर ते दोन महिने मावशी कमजोर गोळी गिळत राहणार. रक्तदाबाचे दुखणे बाहेरून दिसतही नाही.

(विनयात भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही औषधे सातच दिवस जवळ ठेवण्याची मुभा होती. नियम साठेबाजीविरुद्धचा, पण दिवस मोजण्याची सवय आपल्याकडे जुनीच!)

प्रयोगशाळेने आपले काम चोख केले, तरी ती तारीख पाकिटावर लिहिलेल्या अटीपुरतीच. ‘३० अंशांखाली ठेवा’ असे छापले असेल, तर पत्र्याखालची फळी त्या अटीत बसत नाही. मावशींची फळी मेमध्ये कारखान्याच्या त्या ४० अंशांच्या कपाटालाही मागे टाकत असेल.

मग करायचे काय? डबा खाली, भिंतीच्या सावलीत ठेवावा. माठाजवळ गारवा असतो, पण ओलही असते, तेथे नको. गोळ्या पट्टीतून आधीच सोडवून बाटलीत भरू नयेत. इन्सुलिनची न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. आणि शंका आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पाकीट घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवावे. मावशींना आम्ही तेच सांगितले. डबा आता ज्वारीच्या कोठीमागे आहे.