शिफारसपत्र ते लिलाव

नवी दिल्ली : सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये 218 पैकी 214 कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. छाननी समितीने 1993 पासून सुसंगत निकष पाळले नाहीत, एका अर्जदाराला पट्टा का मिळाला आणि दुसऱ्याला का नाही हे इतिवृत्तांतून उलगडत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. कारण नोंदवायचेच नसेल तेथे शिफारसपत्राला मोल येते. समितीत राज्यांचे प्रतिनिधी बसत व त्यांच्या मताला वजन असे. त्यामुळे राज्याच्या राजधानीतील ओळख दिल्लीत उपयोगी पडण्यास वाव होता.

दूरसंचार क्षेत्रात तर अर्जांची अंतिम तारीखच मागाहून अलीकडे ओढली गेली. 2012 मध्ये 122 परवाने रद्द झाले. फौजदारी खटल्यातील आरोपी मात्र 2017 मध्ये विशेष न्यायालयात निर्दोष ठरले. प्रक्रिया सदोष ठरली तरी गुन्हा सिद्ध होतोच असे नाही.

2015 च्या कायद्याने कोळशाला लिलाव आला. तथापि पट्टा मिळाल्यानंतरही वनमंजुरी, पर्यावरण मंजुरी व भूसंपादन हे टप्पे उरतातच. अर्जाची स्थिती आता संकेतस्थळावर दिसते. विलंबाचे कारण नेहमीच दिसत नाही, आणि मध्यस्थाला अद्याप तेथेच जागा आहे.