बोटाएवढा गडी

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अलीकडे एक नवीनच देखावा दृष्टीस पडत असेल. अभ्यासाच्या टेबलावरील पुस्तकें एका बाजूस सारून तेथें रंगीबेरंगी तारांचें जंजाळ पसरलेलें असतें. त्या जंजाळाच्या मधोमध पत्त्याच्या पानाहूनही लहान अशी एक निळी पाटी असते. आणि घरांतील एखादे चिरंजीव अथवा कन्यका जेवणाची हांक तीनदां ऐकूनही जागचीं हालत नाहींत. काय चाललें आहे, असें विचारावें, तर "दिवा लावतों आहें," असें उत्तर मिळतें. भिंतीवर बटण असतां दिवा लावण्यास एवढा खटाटोप कशासाठीं, असें वडील मंडळींस वाटतें, आणि तें वाटणें अगदींच गैर नाहीं. आमच्या वहिनींनीं तर आम्हांस स्पष्टच विचारलें होतें, "भावोजी, दिवाच लावायचा तर समई काय वाईट होती?"

आमचें मूळ गांव बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर तालुक्यांत. शेती वडील बंधू पाहतात. त्यांस घरांत सर्वच दादा म्हणतात. त्यांचा मुलगा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रविद्येशीं त्याचा संबंध सायकलीची साखळी बसविण्यापुरता. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत त्यानें आपल्या खर्चाच्या पैशांतून अशी एक पाटी आणिली. किंमत पांचशें रुपयांच्या आंतबाहेर. दादांनीं ती उलटसुलट करून पाहिली आणि "याचें काय होतें?" एवढेंच विचारलें. चिरंजीवांस उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर सांपडावयास त्यास सारा हिवाळा लागला, आणि त्या हिवाळ्याचीच हकीकत आज आम्ही वाचकांस सादर करणार आहों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर मांडलेला सबंध संसार. हिशेब करणारा भाग, स्मरण ठेवणारा भाग आणि बाहेरच्या जगाशीं देवघेव करणाऱ्या पिना, हें सर्व त्यांत असतें. कपडे धुण्याच्या यंत्रांत, दूरदर्शनच्या रिमोटांत, मोटारगाडींत तो मुकाट्यानें राबत असतो. आपणांस त्याचें नांवही ठाऊक नसतें. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनें १९७४ सालीं टीएमएस १००० हा बाजारांत आणला. १९८० सालीं इंटेलचा ८०५१ आला, आणि आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं त्याच्यावरच हात बसविला. परंतु तो परीक्षेचा विषय होता. घरच्या टेबलावरचा छंद त्यास म्हणतां आला तो २००५ पासून. इटलींतील इव्रेआ या लहानशा शहरीं, कला व रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस परवडेल आणि समजेल अशी पाटी मास्सिमो बान्झी व त्यांचे सहकारी यांनीं तयार केली. तेथील एका मद्यगृहाच्या नांवावरून तिला आर्डुइनो म्हणूं लागले. आणि त्या मद्यगृहाचें नांव हजार वर्षांपूर्वींच्या एका राजाचें! एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याच्या आधींच्या कामाचा या पाटीस मोठाच आधार होता, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सांगावयाची राहून जाते. पाटीचे नकाशे सर्वांस खुले ठेवले गेले, आणि म्हणूनच ती मेहकरच्या मुलाच्या खिशाला परवडली.

पाटीवरचा मुख्य तुकडा बोटाच्या दोन पेरांएवढा, अठ्ठावीस पिनांचा. हुकूम सांठवावयास त्यास ३२ किलोबाइटांची जागा, आणि काम करतांना टिपणें ठेवावयास अवघी २ किलोबाइटांची. प्रस्तुत लेखच संगणकावर देवनागरींत सांठविला, तर त्याचा दहावा हिस्साही त्या टिपणवहींत मावणार नाहीं. पण हा गडी सेकंदास एक कोटी साठ लक्ष ठोक्यांच्या तालावर चालतो, आणि कंटाळत नाहीं. त्यास द्यावयाच्या हुकमांचे दोन भाग असतात. पहिला सेटअप, तो पूजेच्या संकल्पासारखा, आरंभीं एकदांच सांगावयाचा. दुसरा लूप, ती जपाची माळ, मेरुमण्याशीं न थांबतां वीज असेपर्यंत फिरत राहणारी.

आणि गडी आज्ञाधारक इतका, कीं त्याचा आज्ञाधारकपणाच शिकणाऱ्याचा अंत पाहतो. आपल्या मनांत आहे तें तो करीत नाहीं. लिहिलें आहे तेंच करतो. "एक सेकंद थांब" असें सांगितलें कीं तो खरोखरच थांबतो, आणि मधल्या वेळांत आपण बटण दाबलें तर तें त्याच्या गांवींही नसतें. चिरंजीवांचे पहिले पंधरा दिवस याच एका गोष्टीशीं झगडण्यांत गेले. चूक आपली आहे, यंत्राची नाहीं, हें दिवसांतून दहा वेळां कबूल करावयास लावणारा गुरु आमच्या लहानपणीं आम्हांस भेटला नाहीं, हें आम्ही आमचें दुर्दैव समजतों.

असो. दिवा लागला, दोन दिवे आळीपाळीनें लागले, घंटी वाजली. पुढें काय? येथेंच पुष्कळांचा छंद विझतो आणि पाटी खणांत जाते. आमच्या घरीं ती गेली नाहीं, याचें कारण विहीर.

त्या हिवाळ्यांत आमच्या भागांत शेतीपंपांस तीन फेजची वीज पाळीनें येई; कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. गहू व हरभरा उभा. रात्रपाळीच्या आठवड्यांत दादा मध्यरात्रीं उठून विहिरीवर जात. कधीं वीज आलेलीच नसे, कधीं येऊन गेलेली असे. थंडी, काळोख, बांधावरचें गवत, त्यांत साप-विंचवाचें भय; आणि ते परत येईपर्यंत वहिनी ओसरीवर जाग्या. ज्या वाचकांची शेती आहे त्यांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. एके पहाटे दादा रिकाम्या हातीं परत आलेले चिरंजीवांनीं पाहिलें, आणि पाटीनें काय करावयाचें तें ठरलें. वीज आली कीं तिनें घरीं कळवावें, इतकेंच.

युक्ति साधी होती. मोबाइलचे तीन जुने चार्जर, एकेका फेजवर एकेक; तिघांकडून पांच व्होल्ट मिळाले कीं तिन्ही फेज आले. विहिरीवरील जोडणी अर्थात् गांवच्या परवानाधारक वायरमननें केली. घरच्या वा शेताच्या विजेस शिकाऊ हात लागूं देऊं नये, याविषयीं आमचें मत कठोर आहे. पण टेबलावर चांचणी सुरू होतांच भूत दिसूं लागलें. चार्जर जोडलेला नसतांही पाटी "वीज आली" म्हणे. आमची आठव्या इयत्तेंतील पुतणी जवळच बसलेली असे. ती म्हणाली, "दादा, मी हात जवळ नेला कीं हा खोटें बोलतो." तिचें निरीक्षण अचूक होतें. कशाशींच न जोडलेली पिन आसपासच्या हवेंतली विजेची कुजबुज ऐकून मनास येईल तें सांगते. तिला १० किलोओहमच्या रोधकाचें दावें लावून शून्याशीं बांधून ठेवावें लागतें. कारण पुस्तकांत सांपडलें. पण पुस्तकांत काय शोधावयाचें हें त्या मुलीनें दाखविलें. त्या दिवसापासून वही तिच्या ताब्यांत आहे. काय जोडलें, काय झालें, तारीख. तिच्या अक्षरांत सर्व मिळतें.

खरी परीक्षा पुढें होती. घरीं निरोप पोंचावयास सिमकार्ड घालावयाचें एक लहानसें यंत्र आणलें. तें जोडतांच पाटी मधेंच मूर्च्छा येऊन पुन्हां आरंभापासून सुरू होई. चिरंजीवांनीं आठ रात्रीं हुकमांतील एकेक ओळ तपासली. एकदां वैतागाच्या भरांत बारा व्होल्टची तार भलत्याच पिनेस लावून पहिली पाटी जाळली. वास सबंध घरांत पसरला. दादा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं पांचशें रुपये देव्हाऱ्यापाशीं ठेवलेले आढळले. घरांत अशा ठिकाणीं रागें भरणें अगदीं स्वाभाविक. पण जळलेली पाटी ही शिक्षणाची फी होय, हें दादांस कोणीं सांगावें लागलें नाहीं.

शेवटीं मेहकरच्या बाजारांत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे सर्व सामान नेलें. प्रोग्राम हा शब्दही त्यांस नकोसा. त्यांनीं जुना सुईचा मीटर लावला, यंत्र बोलूं लागण्याच्या क्षणीं सुई खालीं झुकलेली पाहिली आणि म्हणाले, "याले खायलेच भेटत नाही पोटभर, तं हा बोलन कसा?" तें यंत्र बोलतांना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह मागतें, आणि पाटीच्या अंगीं तेवढें बळ नाहीं. वेगळा पुरवठा आणि शेजारीं १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, रोग गेला. आठ रात्रीं ज्या ओळींत चूक शोधली त्यांत चूक नव्हतीच.

या प्रसंगीं आम्हांस पाबळची आठवण झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मुंबईंतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील त्या गांवीं विज्ञान आश्रम काढला, तो मुलांनीं हातांनीं काम करीत विज्ञान शिकावें म्हणून. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्यानें २००२ सालीं तेथें फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. पुढें २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या रूपानें सहावी ते बारावीच्या मुलांसाठीं देशभर शाळांतून असलीं सामुग्री पोंचूं लागली. सामुग्री पोंचली हें उत्तमच. पण सुईचा मीटर घेऊन बसलेला कोणी वडीलधारा जवळ नसेल, तर ती सामुग्री किती बोलेल, अशी आम्हांस शंका आहे.

जे पालक आतां विचारतील कीं आरंभ कशानें करावा, त्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. चाळीस प्रकारच्या उपकरणांची मोठी पेटी घेऊं नये. मूल तिच्याकडे नुसतें पाहत राहतें. एक पाटी, एक ब्रेडबोर्ड, दहा-वीस तारा, चार एलईडी आणि प्रत्येकासाठीं २२० ओहमचा रोधक, एवढें पुष्कळ झालें. इंग्रजीचा बाऊ करूं नये. पहिल्या महिन्यांत लागणारे इंग्रजी शब्द विसांहून अधिक नसतात. आणि वही अवश्य ठेवावी.

माघ महिन्यांत यंत्र विहिरीवर बसलें. आतां चिरंजीवांस पुढची हौस आली: पाटीनें नुसतें कळवावें कां, मोटारच सुरू करावी. दादा घरींच निजतील. बेत मोहक होता, आणि आम्ही व वहिनी त्यास अनुकूल होतों, हें कबूल करावयास हरकत नाहीं. दादांनीं मात्र साफ नाहीं म्हटलें. चिरंजीवांस वाटलें, यांचा आपल्या कामावर विश्वास नाहीं; दोन दिवस बापलेकांत भाषण नव्हतें. तिसऱ्या दिवशीं दादांनीं त्यास विहिरीवर नेलें आणि पाइपाचा झडप-भाग दाखविला. "मी खालीं उतरून याच्यांतला गाळ काढत असलों, आणि तेवढ्यांत तुझ्या गड्याला वाटलें वीज आली, तर? त्याला मी दिसतों का?" पांच अश्वशक्तीची मोटार, चारशें पंधरा व्होल्ट. शिवाय, वीज येतांच सर्वांच्या मोटारी एकदम सुरू होऊन रोहित्रावर भार पडतो, म्हणून असले आपोआप चालणारे स्विच लावूं नका असें महावितरणही सांगत आलें आहेच. चिरंजीवांनीं मोटारीचा भाग लिहिलेला होता. तो त्यानें आपल्या हातानें पुसला. आमच्या मतें साऱ्या हिवाळ्यांत त्यानें लिहिलेल्या ओळींहून ही पुसलेली ओळ शिकण्याच्या दृष्टीनें मोठी होती.

आतां वीज आली कीं घरच्या फोनवर एक मिस्ड कॉल येतो. दादा उठतात, घोंगडी घेतात, आणि जातात. अजून त्यांसच जावें लागतें. पण व्यर्थ खेप होत नाहीं, आणि वहिनी फोन वाजेपर्यंत तरी झोंपतात. गेल्या महिन्यांत दादा विहिरीवरून आले ते पाय न धुतांच मुलीपाशीं बसले आणि तिची वही मागवून घेतली. विहिरींत पाणी किती हात उरलें, हेंही याला सांगतां येईल काय, असें त्यांचें विचारणें होतें. तिनें नवें पान काढून वर तारीख घातली आहे.