ज्वारीवरची काणी: भुकटी सारखीच काळी, पण रोग चार. गंधक नेमकं कुठे चालतं?

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून ज्वारीची चर्चा पुन्हा सुरू झाली. पण अमरावती-अकोल्यात खरिपाचं बरंचसं रान कपाशी आणि सोयाबीनने केव्हाच व्यापलंय. अशात घरचं बियाणं राखून ज्वारी पेरणाऱ्यापुढे एक जुना प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे काणी.

काणी म्हणजे काय?

हा बुरशीजन्य रोग आहे. दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. कणीस बाहेर पडेपर्यंत रोग सहसा कळतच नाही.

चार प्रकार कसे ओळखायचे?

दाणे काणी: दाण्यांच्या जागी मळकट पिशव्या दिसतात. त्या मळणीत फुटतात आणि भुकटी चांगल्या बियाण्याला चिकटते.

मोकळी काणी: पिशव्या शेतातच फुटतात. झाड खुजं राहतं आणि लवकर निसवतं. हिचा प्रसारही बियाण्यातून होतो.

लांब काणी: कणसात मोजक्याच ठिकाणी लांबट, वाकड्या नळ्या दिसतात. बीजाणू हवेतून येतात.

शेंडे काणी: अख्खं कणीस पांढरट पडद्याखालच्या एका मोठ्या पिशवीत बदलतं. बीजाणू जमिनीत राहतात.

मग गंधक कुठे चालतं?

एक किलो बियाण्याला 300 मेश गंधक 4 ग्रॅम चोळणं हा जुना, स्वस्त उपाय आहे. पण तो पहिल्या दोन प्रकारांवरच चालतो, कारण तिथे बीजाणू बियाण्याच्या अंगावर असतात. हवेतून किंवा जमिनीतून येणारा रोग त्याने अडत नाही. शेंडे काणीसाठी पिकांची फेरपालट करावी लागते. रोगट कणीस पिशवी फुटण्याआधी कापडी थैलीत काढून जाळावं लागतं.

गव्हाचं काय?

गव्हाची मोकळी काणी दिसायला अशीच असते, पण तिची बुरशी दाण्याच्या आत, अंकुरात लपते. तिथे गंधक पोहोचत नाही. कार्बोक्सिनसारखं आंतरप्रवाही बुरशीनाशक लागतं.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर काळ्या कणसाचा फोटो आणि 'गंधक लावा' असा सल्ला आला, तर आधी प्रकार विचारा. काणी लागलेलं कणीस बियाण्याच्या मळणीत जाऊ देऊ नका. नाहीतर एका कणसाचा रोग पुढच्या हंगामात सगळ्या वावरात पोहोचू शकतो. प्रकार ओळखता आला नाही, तर कणीस घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दाखवा.