‘पारंपरिक’ असं मी खोटं लिहिलं

गेल्या वर्षी एका गायन स्पर्धेच्या अर्जात ‘बंदिशीचे रचनाकार’ असा रकाना होता. यमनमधली ती मध्यलय तीनतालातली बंदिश माझीच होती. मी लिहिलं, ‘पारंपरिक’. गाऊन झाल्यावर एक परीक्षक म्हणाले, “जुन्या बंदिशींची गोष्टच वेगळी!” मी मान डोलावली. त्याची लाज अजून जात नाही.

खोटं का लिहिलं? कारण लहानपणापासून ऐकत आलोय, ‘यमनमध्ये आता नवं काय उरलंय?’ वाक्य नम्र वाटतं, पण त्यात निव्वळ आळस आहे. स्वर बारा, म्हणजे साठा कधीतरी संपणारच, असा हा वाण्याचा हिशोब. मग भूप आणि देशकार बघा. दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. संध्याकाळचा भूप गंधारावर रमतो, सकाळचा देशकार धैवतावर. नुसते स्वर मोजून राग ओळखता येत नाही, तर नवेपणा संपला हे कसं ठरवणार? मुखडा कुठल्या मात्रेवरून उठतो, सम कुठल्या अक्षरावर येते, एवढ्यानेही त्याच रागाचा चेहरा बदलतो.

आणि ज्या परंपरेचं नाव घेऊन आपल्याला गप्प करतात, ती आली कुठून? अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातल्या नियामत खाँनी आपल्या ख्यालांत ‘सदारंग’ हे नाव बिनदिक्कत गुंफलं. क्षयाने देवासला अंथरुणाला खिळलेले कुमार गंधर्व माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकत राहिले. पुढे त्या धुनांतून त्यांचे धुनउगम राग आले, १९६५ साली ‘अनूपरागविलास’ आलं.

नवेपणाच्या नावावर भंपकपणाही चालतो, हे कबूल. एक स्वर काढायचा, दुसरा घुसवायचा, गोंडस नाव द्यायचं. चलनच नसल्याने असा राग चार आवर्तनांत दम टाकतो.

“कुमार ते कुमार, तू कोण?” असं विचाराल. रास्त आहे. माझी बंदिश फालतू असू शकते, पण ते ऐकून ठरवा. ‘पारंपरिक’ लिहिल्यामुळे माझा अंतरा कच्चा आहे का, हे मला कुणी सांगितलंच नाही. परंपरेत चूक कोण काढणार?

यंदाच्या अर्जात मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलंय. आता शिव्या द्यायच्या तर मला द्या.